नशेच्या पदार्थांची टोपणनावं आणि गावोगावचे अर्थ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, विटा, कराड, सातारा इथल्या शाळा-कॉलेजांत मी पालकांशी व्यसनांविषयी बोलते. कार्यक्रम संपतो आणि मग मोबाईलवर प्रश्न सुरू होतात. बहुतेकांची अडचण एकच असते. एखादा शब्द कानावर पडलेला असतो, तो नेमका कशाला म्हणतात ते कळत नाही. किंवा कळलं असं वाटतं आणि घरात रामायण होतं. असे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्याची ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, भाषा मात्र शक्यतो त्यांचीच आहे.

१. एकाच पदार्थाला इतकी नावं कशाला? सरळ नाव का घेत नाहीत?

लपवायचं असतं, हे एक कारण. पण सगळीच नावं लपवण्यासाठी पडलेली नसतात. काही दिसण्यावरून पडतात, जसं ब्राऊन शुगर किंवा आईस. काही गावावरून पडतात: हिमाचलातल्या मलाणा गावच्या चरसला 'मलाणा क्रीम' म्हणतात. काही तर औषध कंपन्यांनीच दिलेली असतात. 'हेरॉईन' हे बायर कंपनीनं १८९८ मध्ये बाजारात आणलेल्या औषधाचं नाव होतं आणि ते खोकल्यावर देत असत.

शिवाय शब्द माणसांबरोबर प्रवास करतात. नव्या गावी पोचले की तिथं जे मिळतं त्याला चिकटतात. म्हणून कुठे नाव तेच राहतं आणि पदार्थ बदलतो, तर कुठे पदार्थ तोच राहतो आणि नाव बदलतं. मेथॲम्फेटामिनच घ्या. ऑस्ट्रेलियात ते आईस, फिलिपिन्समध्ये शाबू, केप टाऊनमध्ये टिक, न्यूझीलंडमध्ये नुसतं 'पी'. थायलंडकडे त्यात कॅफिन मिसळून गोळी केली की ती याबा. बांगलादेशात कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाला 'डाइल' म्हणतात, आणि तिथल्या बोलीत आमटीच्या डाळीलाही डाइलच म्हणतात.

या पानावर मला एवढंच पटवून द्यायचं आहे की शब्द ऐकला की आधी तो कुठला, कोणाच्या तोंडचा, हे विचारा. घाबरायचं की नाही, ते त्यानंतर ठरवा.

२. व्हॉट्सॲपवर 'मुलांचे गुप्त शब्द आणि चिन्हं' अशी यादी आली आहे. ती खरी आहे का?

अशा बऱ्याच याद्यांचं मूळ अमेरिकेत असतं. तिथल्या डीईए या सरकारी यंत्रणेनं २०२१ मध्ये इमोजींचा एक तक्ता काढला होता. तो खरा आहे, पण अमेरिकेतल्या मुलांसाठी. त्यात द्राक्षांचा घड म्हणजे खोकल्याचं औषध आणि बिस्कीट म्हणजे मोठा साठा. आता तासगाव किंवा मिरज तालुक्यातल्या कुठल्याही बागायतदाराचा ग्रुप उघडून बघा, छाटणीपासून निर्यातीपर्यंत दर चौथ्या निरोपाला द्राक्षांचा घड असतो. नुसत्या चिन्हावरून निष्कर्ष काढू नका, हे त्या यंत्रणेनंही बजावलं होतं. मराठीत फिरणाऱ्या यादीतून नेमकी तीच ओळ गळालेली असते.

यादी पुढे पाठवू नका. मुलं ती आपल्या आधी वाचतात.

३. माझ्या मुलाच्या मोबाईलवर 'माल आला का? पाच पेटी बाजूला ठेव' असं होतं. मला रात्रभर झोप नाही. हे गांजाबद्दल आहे का?

मुंबई-पुण्याच्या कॉलेजात 'माल' म्हणजे बहुतेक वेळा गांजा किंवा चरस, हे खरं. पण आपल्याकडे मार्केट यार्डात सकाळपासून संध्याकाळपर्यंत हाच शब्द चालतो. हळदीचा माल, बेदाण्याचा माल, गुळाचा माल. हा प्रश्न ज्या घरातून आला, तिथं वडिलांचा बेदाण्याचा व्यवसाय होता आणि मुलगा सुट्टीत अडत्याकडे बसायचा. बेदाण्याची पेटी साधारण पंधरा किलोची. पाच पेट्या म्हणजे पंच्याहत्तर किलो, आणि निरोप दिवसाउजेडी, वडिलांच्या ओळखीच्या नंबरवरून आलेला. शब्दाच्या आजूबाजूला एवढं सगळं लिहिलेलं होतं, आईची नजर मात्र 'माल'वरच अडली.

आजूबाजूला पाहायचं म्हणजे काय? माप काय सांगितलंय: पेटी, क्विंटल की 'एक-दोन'? पैसे कसे दिले जातात? माणूस घरच्यांच्या ओळखीचा आहे का? निरोप पाठवून लगेच पुसले जातात का? उत्तरं खटकत असतील तर मात्र विषय टाळू नका. 'पुडी', 'स्टफ', 'पेपर', 'तिकीट' या शब्दांनाही हेच लागू. पेपर परीक्षेचाही असतो, सिगारेट वळायचाही असतो, आणि एलएसडी हे भास घडवणारं रसायन भिजवलेल्या कागदाच्या चौकोनी तुकड्यालाही पेपर किंवा तिकीट म्हणतात.

४. गांजा, भांग, चरस, हशीश, वीड… हे सगळं एकच ना?

झाड एकच, भाग वेगळे. फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा. झाडाचा चीक किंवा राळ म्हणजे चरस, बाहेरच्या देशांत तिलाच हशीश म्हणतात. पानांची भांग. 'वीड', 'पॉट', 'ग्रास' हे इंग्रजी शब्द आपल्याकडे गांजासाठीच वापरतात.

कायद्यात हा फरक महत्त्वाचा आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत गांजा आणि चरस आहेत. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येत येत नाहीत. 'अल्प प्रमाण' गांजासाठी १ किलोपर्यंत आणि चरससाठी १०० ग्रॅमपर्यंत धरतात. अल्प प्रमाण म्हणजे माफी नव्हे, तिथंही शिक्षा आहे. आणि 'भांग मोकळी आहे' हा समजही महाराष्ट्रात चालत नाही. राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मादक पदार्थांवरही बंधनं आहेत.

५. मुलगा नैरोबीत नोकरीला आहे. तिथल्या पेपरात 'भांग ओढताना तरुणांना अटक' असं वाचलं म्हणतो. भांग ओढतात कशी?

तिथं भांग म्हणजे आपला गांजा. केनियातली वर्तमानपत्रं 'भांग' लिहितात, स्वाहिलीत 'बांगी' म्हणतात, आणि ती ओढायचीच वस्तू असते. हिंदी महासागराच्या व्यापारात शब्द पलीकडे गेला, पण थंडाई मागेच राहिली. म्हणून होळीचे फोटो टाकताना मुलानं 'भांग प्यायलो' असं गमतीनं लिहिलं, तर तिथल्या साहेबाला ती गंमत वाटणार नाही, हे त्याला नक्की सांगा.

'गांजा' या शब्दाचा प्रवास याहून मोठा. १८४५ पासून भारतीय गिरमिटिया मजूर जमैकात गेले, त्यांच्याबरोबर हा शब्द गेला आणि चिलीमही गेली. आज जगात अनेकांना गांजा हा जमैकाचाच शब्द वाटतो. दक्षिण आफ्रिकेत त्याच झाडाला 'डागा' म्हणतात.

६. बातम्यांत 'एमडी' असतं, गोव्याला गेलेली मुलंही 'एमडी' म्हणतात. हे एकच आहे का?

नाही. या पानावरचं कुठलं एक उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

महाराष्ट्रातल्या पोलिसांच्या आणि वर्तमानपत्रांच्या भाषेत एमडी म्हणजे मेफेड्रोन. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडला आणि मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत जो साठा सापडला, तो याचाच. इंग्लंडमध्ये याला 'म्याऊ म्याऊ' म्हणत, तिथं एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. आपल्याकडे ते फेब्रुवारी २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आलं. मधल्या काळात मुंबईत ते याच 'म्याऊ म्याऊ' नावानं पसरलं.

पार्ट्यांच्या भाषेत मात्र एमडी म्हणजे पुष्कळदा एमडीएमए. त्यालाच एक्स्टसी म्हणतात, अमेरिकेत मॉली, इंग्लंडमध्ये मँडी. हा पदार्थ वेगळा आहे. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून माणूस पुन्हापुन्हा घेत जातो. झोप उडते, छाती धडधडते, संशय वाढतो. एमडीएमएत अंगातली उष्णता धोकादायक वाढू शकते आणि रक्तातलं सोडियम घसरू शकतं. कायद्यातली मापंही वेगळी आहेत: मेफेड्रोनचं अल्प प्रमाण २ ग्रॅम आणि व्यापारी प्रमाण ५० ग्रॅम, एमडीएमएचं अनुक्रमे अर्धा ग्रॅम आणि १० ग्रॅम. अक्षरं दोनच, पण दवाखान्यातला धोका निराळा आणि कोर्टातलं कलमाचं गणितही निराळं. त्यातून पुडीत खरोखर काय आहे, हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसतं. रासायनिक तपासणीशिवाय ते कळत नाही.

दवाखान्यात काय सांगायचं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

७. आमची सून इंदूरची. सासूबाई 'मिश्री लावते' म्हणाल्या, तर ती खडीसाखर घेऊन आली! मिश्री म्हणजे नशा आहे का?

सूनबाईंचं बरोबर आहे. हिंदीत मिश्री म्हणजे खडीसाखर, देवाच्या नैवेद्याची. आपल्याकडे मिश्री किंवा मशेरी म्हणजे तंबाखू. तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, हातानं चुरायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची, आणि सकाळी चुलीपाशी किंवा मोरीत बसून बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासायची. माण-खटावपासून जतपर्यंत कितीतरी घरांत आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे हे असंच आलं. 'दात दुखतोय, जरा लाव,' इथून सुरुवात होते.

हो, ही नशाच आहे. निकोटीन हिरडीतून रक्तात जातं. सकाळी मिश्री मिळाली नाही तर डोकं चढतं, पोट साफ होत नाही, चिडचिड होते. हीच सवय लागल्याची खूण. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे आणि गरोदरपणात बाळालाही त्रास होतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मुलाच्या खिशातल्या पुडीसाठी जीव टाकणारं घर आईच्या डबीकडे व्यसन म्हणून बघतच नाही. डॉक्टरनं 'तंबाखू खाता का' विचारलं तर बाई खरेपणानं 'नाही' म्हणते, कारण ती खात नाही, लावते. त्यामुळे तोंड तपासायला जाल तेव्हा 'मिश्री' हा शब्द आपणहून सांगा. डॉक्टर बाहेरगावचे असतील तर 'भाजलेली तंबाखू' म्हणा.

८. आणि मावा?

तशीच गल्लत. पेढ्याचा मावा म्हणजे खवा. टपरीवरचा मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण. विदर्भात त्याला खर्रा म्हणतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तेव्हापासून टपरीवर हे हातानं घोटलेलं मिश्रण जास्त दिसतं.

९. आमचे भाऊजी गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यानं पंजाबात आहेत. त्यांचा मुलगा 'चिट्टा' म्हणतो. गावाकडे कुणाला कळत नाही.

खानापूर-आटपाडीकडची गलाई मंडळी देशभर विखुरलेली आहेत, त्यामुळे असे शब्द सुट्टीत घरी येतात. पंजाबीत चिट्टा म्हणजे पांढरा, आणि पंजाब-हिमाचलात सध्या हे हेरॉईनचं नाव आहे. तिथं अफूच्या बोंडांच्या भुशाला भुक्की म्हणतात, राजस्थानात डोडा. मुलानं बातमीतला शब्द म्हणून उच्चारला असेल तर ठीक. तिथला प्रत्येक शाळकरी मुलगा तो ओळखतो. स्वतःबद्दल किंवा मित्राबद्दल बोलत असेल तर मात्र दिवाळीपर्यंत थांबू नका.

हेरॉईनचंच अशुद्ध रूप आपल्याकडे ब्राऊन शुगर. ऐंशीच्या दशकात मुंबईत त्याला 'गर्द' म्हणू लागले आणि त्यावरून 'गर्दुल्ला' आला. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, ते याच काळात. आजच्या मुलांना गर्द म्हणजे फक्त महाबळेश्वरची गर्द झाडी. गर्दुल्ला हा शब्द मात्र आता कुठल्याही नशेबाजाला, सोल्युशन हुंगणाऱ्या पोरालाही, सरसकट लावतात. कृपा करून कुणाच्या मुलाला असं म्हणू नका. ते नाव एकदा पडलं की उपचार होऊनही जात नाही.

१०. 'बटन' आणि 'कुत्ता गोळी' म्हणजे काय?

छत्रपती संभाजीनगरकडे 'बटन' म्हणजे झोपेच्या किंवा गुंगीच्या गोळ्या. 'कुत्ता गोळी' हा शब्द मालेगावातून पसरला, ती बहुतेक अल्प्राझोलाम असते. दोन्ही मुळात मानसोपचारात डॉक्टर लिहून देतात ती औषधं.

हाच 'बटन' शब्द दक्षिण आफ्रिकेत मँड्रॅक्स या गुंगीच्या गोळीला लावतात, आणि तिथं ती चुरून गांजाबरोबर ओढतात. अमेरिकेत 'बटन' म्हणजे पेयोटी नावाच्या निवडुंगाचा भास घडवणारा गोल तुकडा. म्हणून इंटरनेटवर अर्थ शोधून घरच्या गोळीवर उपाय करू नका. पाकीट घेऊन ओळखीच्या औषध दुकानात जा. पाकिटावरचं नाव वाचून ते दोन मिनिटांत सांगतील.

अशा गोळ्या रोज घेणाऱ्याच्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात. सापडल्या म्हणून संडासात टाकून मोकळं होऊ नका, डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या असतात.

११. लेकीनं ४२० लिहिलेला टी-शर्ट आणलाय. आजोबा म्हणतात चोराचा शर्ट, भाऊ म्हणतो गांजाचा. कोण बरोबर?

दोघंही आपापल्या जागी. आपल्याकडे ४२० म्हणजे फसवणुकीचं कलम. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३१८ झालं, पण बोलण्यात 'चारसोबीस'च राहिलं. अमेरिकेत ४२० म्हणजे गांजा. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेल गावच्या काही शाळकरी मुलांनी भेटायची वेळ ठरवली होती, चार वाजून वीस मिनिटं. तिथून ते पसरलं. लेकीला माहीत आहे का, एवढं विचारा. बऱ्याच मुलींनी रंग बघून घेतलेला असतो.

१२. मुलगा परदेशी शिकतोय किंवा कामाला आहे. आपले कुठले शब्द आणि कुठल्या वस्तू तिथं अडचणीत आणतील?

शब्दांचं आधी. इंग्लंडमध्ये 'स्पाईस' म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेली, गांजाची नक्कल करणारी फार घातक रसायनं. 'आई स्पाईस पाठवतेय' असं मित्रांत बोलला तर हशा होईल, एवढंच. 'गिअर' म्हणजे तिथल्या रस्त्यावर हेरॉईन आणि व्यायामशाळेत स्टिरॉइड. 'कोक' मागताना दुकानात काही बिघडत नाही, पार्टीत अर्थ बदलतो. आयर्लंडमध्ये कुणी 'क्रॅक कशी झाली' विचारलं तर घाबरू नये, तिथं ती मौजमजा. अमेरिकेत तोच उच्चार कोकेनच्या खड्यांचा.

वस्तूंचं मात्र गंभीर आहे. खसखस. दुबई-अबूधाबी, सौदी, सिंगापूर इथं ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते, कारण ज्या बोंडातून अफूचा चीक निघतो त्याच बोंडातली ही बी. आपल्या अनारशांवर खसखस, करंजीच्या सारणात खसखस, मटणाच्या वाटणात आणि कित्येक घरांच्या कांदा-लसूण मसाल्यातही खसखस. दिवाळीचा डबा पाठवण्याआधी प्रत्येक पदार्थ आठवून बघा. अनारसे बिनखसखशीचे करा किंवा पाठवूच नका, विकतच्या मसाल्यावरचे घटक वाचा. इथं स्वयंपाकघरातली म्हणून तिथल्या कस्टममध्ये सूट मिळत नाही.

तसंच ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक किंवा कोडीन असलेली औषधं. आपल्याकडेही ट्रॅमाडॉल २०१८ पासून एनडीपीएसखाली आहे. डॉक्टरची चिठ्ठी बरोबर द्या आणि त्या देशाची परवानगी लागते का ते निघण्याआधी बघा.

१३. मुलगा बेशुद्ध पडला आणि मित्र म्हणतात 'एमडी घेतलं होतं'. दवाखान्यात काय सांगू? पोलीस केस होईल का?

१०८ ला फोन करा. उलटी होत असेल तर कुशीवर झोपवा, काही पाजू नका. मित्रांचा शब्द जसाच्या तसा सांगा आणि पुढे जोडा: कुठून आलं, पावडर होती की गोळी, नाकानं घेतलं की तोंडानं की सुईनं, किती वाजता, बरोबर दारू होती का. पुडी, पाकीट, बाटली सापडली तर बरोबर न्या. श्वास मंद आणि डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी असेल तर डॉक्टर अफूच्या जातीचा पदार्थ धरून त्यावरचा उतारा, नॅलोक्सोन, देतील. 'एमडी' या शब्दावर विसंबून ते राहून जायला नको. म्हणून शब्दाइतकंच तुम्ही काय पाहिलं तेही सांगा.

पोलिसांच्या भीतीनं खोटं सांगू नका. एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४ अ नुसार सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. तपशिलासाठी वकिलांना विचारा, पण जीव वाचल्यावर.

१४. जिममधली मुलं 'इंजेक्शन'बद्दल बोलतात. ते प्रोटीनचं असतं ना?

प्रोटीन इंजेक्शननं घेत नाहीत. सांगली-सातारा-कोल्हापूर पट्ट्यात जिमच्या आसपास पकडलं जाणारं इंजेक्शन बऱ्याचदा मेफेंटरमाइनचं असतं. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर भूलतज्ज्ञ ते वापरतात. धडधाकट मुलानं ताकदीसाठी टोचलं की रक्तदाब आणि हृदयाचे ठोके बेफाम होतात. इथं टोपणनावच नाही, आणि म्हणूनच घरच्यांच्या लक्षात येत नाही. 'इंजेक्शन घेतलं' हे वाक्य आजारी माणसाचंच वाटतं.

१५. या पानावर नसलेला शब्द ऐकला तर कुणाला विचारू?

आधी ज्याच्या तोंडून ऐकला त्यालाच, आणि सरळ: 'हा शब्द मला माहीत नाही, तुमच्यात कशाला म्हणतात?' मोबाईल हिसकावून विचारलं तर उत्तर मिळत नाही. एखाद्या टोळक्याचा शब्द फक्त त्यांच्यापुरता असतो आणि महिन्याभरात बदलतो, तो कुठल्याच यादीत सापडणार नाही.

व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मन खचलं असेल तर टेलिमानस १४४१६. विक्रीची माहिती द्यायची असेल तर १९३३, आणि तातडीच्या वेळी ११२. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेली परिवर्तन संस्था आहे. सांगलीकरांना मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जवळ पडतं, तिथं मानसोपचार विभागाची ओपीडी विचारा. मुलगा यायला तयार नसेल तर पहिल्या वेळी आई-वडिलांनी एकट्यानं गेलं तरी चालतं.